आधी चेडू

बाईंच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत, दंड राहत. डोळे अधू झाले होते, पण चष्मा त्या लावत नसत. चष्मेवाली नर्स दिसली की पोरं सुईच्या आधीच भोकाड पसरतात, असं त्यांचं म्हणणं. मोठं माणूस समोर आलं की त्या आवाजावरून ताडायच्या, आणि मूल असेल तर झबल्याची बाही वर सारून दंड डोळ्यांजवळ न्यायच्या. “हो दंड हांवें आदीं पळयला,” हा दंड मी आधी पाहिलाय, असं म्हणायच्या, आणि मग त्या मुलाला मागची सुई कधी दिली, ते किती रडलं, आईने तेव्हा कुठलं कारण सांगून महिनाभर उशीर केला, हे सगळं त्या आईसमोर वाचून दाखवल्यासारखं सांगायच्या.

पेडणे तालुक्यात, तुयेच्या औद्योगिक वसाहतीपासून तीनेक मैलांवरच्या एका गावात आमचं उपकेंद्र होतं. उपकेंद्र म्हणजे भाड्याच्या घरातल्या दोन खोल्या. तिसऱ्या खोलीत बालवाडी भरायची. बाई तिथल्या मुख्य नर्स आणि मी त्यांच्या हाताखाली नवी लागलेली, डिचोलीहून रोज म्हापशाला बस बदलून येणारी. गोवा अजून राज्य झाला नव्हता. होणार, होणार असं चाललं होतं, आणि त्याआधी भाषा कुठली, कोकणी की मराठी, यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या घरी चतुर्थीला जाईनासे झाले होते.

पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्याही पोलक्याची बाही वर सरकवली. मला वाटलं, ही कुठली पद्धत. त्यांनी दंड निरखला आणि विचारलं, देवीच्या लसीचा व्रण कुठाय? मी म्हटलं, नाही. भावाला आहे? मी म्हटलं, आहे, दोन आहेत. त्यांनी माझी बाही खाली ओढून नीट केली. बावीस वर्षं मी तो दंड घेऊन हिंडत होते आणि ही गोष्ट माझ्या कधी मनातही आली नव्हती. घरी जाऊन आईला विचारलं, तर ती म्हणाली, तुला नेणार होते, राहून गेलं. भावाचं बरं राहून गेलं नाही.

दिसायला बाई उंच, हाडकुळ्या. लग्न केलेलं नव्हतं. सकाळी पोदेराकडचा एक उंडो चहात बुडवून खायच्या आणि तेवढ्या पावावर दुपारपर्यंत वाड्यावाड्यांतून हिंडायच्या. वाटेतल्या कोंबड्यांची ख्यालीखुशाली विचारायच्या. पुरुषांशी मात्र बेतानेच बोलायच्या, आणि बोलल्याच तर त्यांना थोरल्या मुलीच्या नावाने हाक मारायच्या. आमच्या गावात तीन मुलींवर मुलगा झाला की आई त्या मुलाच्या नावाने ओळखली जायची. आधीच्या तिघी जणू झाल्याच नव्हत्या. बाईंनी हे उलटं केलं. एकदा पंचायतीच्या भर बैठकीत त्यांनी सरपंचाला विचारलं की शांतीच्या बापायने सांगावं, उपकेंद्राचा नळ कधी येणार. सरपंचाला चार मुलगे. सगळे इकडेतिकडे बघायला लागले, शांतीचा बाप कोण म्हणून. सरपंचही बघत होता. शेवटी आपल्या थोरल्या मुलीचं नाव त्याच्या लक्षात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. नळ मात्र पुढच्या महिन्यात आला.

पण गावभर बोलबाला होता तो बाईंच्या नियमाचा. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी लसीकरण असायचं. बाई पेडण्याहून बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसने यायच्या, डब्यात लसी. गोवराच्या लसीची कुपी एकदा फोडली की ती काही तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. म्हणून मुलं जमेपर्यंत कुपी फोडायची नाही, एवढं सगळीकडेच होतं. बाईंनी त्यात आपलं जोडलं होतं: कुपी फोडायची ती मुलीसाठीच. पहिली सुई मुलीला. मुलगी आली नसेल तर कुपी बर्फात राहील आणि मुलगे रांगेत राहतील. “आधी चेडू,” एवढे दोनच शब्द त्या बोलायच्या आणि खुर्चीत मागे रेलून आंबा नाहीतर काकडी सोलायला घ्यायच्या.

हा नियम कुठून आला, ते त्यांनी मला सांगितलं होतं. मी लागण्याआधी एकदा, लसीकरण संपवून सुया उकळत असताना, त्या दिवसभरात टोचलेले दंड त्या आठवत बसल्या होत्या. त्यांची ती सवयच होती. सगळे आठवले, आणि त्यात मुलीचा दंड एकच निघाला. गावात मुली नाहीत असं नाही. बालवाडीत होत्या, विहिरीवर होत्या, धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरत होत्या. सुईला तेवढ्या नव्हत्या. विचारलं तर ठरलेलं उत्तर: चेडवां घट आसतात. मुली चिवट असतात, त्यांना काही होत नाही. हे उत्तर मी पुढे नोकरीच्या तीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की आजही कानावर पडलं तर माझं डोकं फिरतं. चिवट असतात तर आपल्या गावात पाचवीच्या वर्गात मुलगे जास्त का, हे कधी मोजलंत का बाबांनो? पण ते मोजायचं कुणी. मोजणारे सगळे मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून म्हापशाला डॉक्टरकडे निघालेले.

एकदा मोठ्या केंद्रातले डॉक्टर अचानक तपासणीला आले. अंगणात फणसाखाली दहाबारा बाया मांडीवर मुलगे घेऊन बसलेल्या, कुपी बंद, आणि बाई निवांत काकडी सोलताहेत. डॉक्टरांचा पारा चढला. त्यांनी विचारलं, हा असला नियम कुठल्या पुस्तकात आहे? बाई म्हणाल्या, पुस्तकात नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने आमचा गाव पाहिलेला नसणार. डॉक्टर म्हणाले, या मुलग्यांपैकी एकाला जरी गोवर झाला तर जबाबदार कोण? बाईंनी काकडीचा काप तोंडात टाकला आणि म्हणाल्या, मुलगे कुठे जात नाहीत, त्यांच्या आया संध्याकाळपर्यंत बसतील. तुम्ही घटकाभर थांबा आणि बघा. आणि खरंच, अर्ध्या तासात दोन सासवा धावत घरी गेल्या आणि परकर सावरत पळणाऱ्या तीन मुलींना हाताला धरून घेऊन आल्या. डॉक्टर बघतच राहिले. लेखी काही न देता ते चहा पिऊन गेले.

मला त्या वेळी बाईंचा फार अभिमान वाटला. आता वाटतं, आम्ही दोघीही तिथेच फसलो. आम्ही मुलगी मागत होतो. गावाला कळलं की यांना मुलगी लागते, म्हणजे कुठलीही चालते.

तुयेच्या वसाहतीत नव्या कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या. त्या कामावर बेळगावकडची एक जोडी होती. दोघं सकाळी जाताना आपल्या अडीच वर्षांच्या मुलीला, शेवंताला, बालवाडीत सोडायची. गव्हाळ, गुटगुटीत, कुणीही हात धरला तरी सोबत जाणारी पोर. तर झालं असं, की एका बुधवारी घरून मुलीला आणायचा कंटाळा केलेल्या एका आईने पलीकडच्या खोलीतून शेवंताचा हात धरला, तिच्या हातात बिस्कीट दिलं आणि तिला रांगेत पुढे उभं केलं. मी टेबलाशी नावं लिहीत होते. मी नाव विचारलं. तिने आपल्या स्वतःच्या मुलीचं नाव सांगितलं, कार्डही तिचंच पुढे केलं. कुपी फुटली, बाईंनी सुई दिली, मुलग्यांचा मार्ग मोकळा झाला.

पुढचे दोन महिने बाईंचा उजवा हात भाजलेला होता, सुया उकळायच्या पाण्याने. टोचायचं काम माझ्याकडे आलं. बाई दाराशी बसून फक्त विचारायच्या, चेडू आलं? मी म्हणायची, आलं. दुसऱ्या महिन्यात समोर आलेल्या पोरीला पाहून मला शंका आली. तिसऱ्या महिन्यात शंका उरली नाही. शेवंताच होती. हातात तेच बिस्कीट, आणि नाव सांगितलं गेलं वासंती. सांगणारी होती गावातल्या एका भल्या घरची सून, कडेवर वर्षाचा मुलगा. चारची बस चुकली असती तर म्हापशात मला डिचोलीची गाडी मिळाली नसती. मी वासंतीच्या कार्डावर तारीख घातली, सही केली आणि शेवंताला टोचलं. हे मी कुणाच्या दबावाखाली केलं नाही. बससाठी केलं.

चौथ्या महिन्यात बाईंचा हात बरा झाला आणि त्या खुर्चीत बसल्या. शेवंताला पुढे आणलं. तिला कुणी काही सांगायच्या आत तिने आपणच बाही वर केली आणि दंड पुढे धरला. रडली नाही. बाईंनी तो दंड डोळ्यांजवळ नेला. चुलीच्या चटक्याचा अर्धगोल डाग होता त्यावर. बाईंनी सुई ताटलीत ठेवून दिली. “हो दंड हांवें टोचला,” म्हणाल्या. मग तिची बाही खाली ओढली आणि माझ्याकडे वळून विचारलं, हिला किती वेळा? मी सांगितलं. एकच लस पुन्हा दिल्याने पोरीला काही अपाय होत नाही, झालाही नाही. पण बाईंच्या तोंडावर तेव्हा जे दिसलं ते मी पुन्हा बघू इच्छित नाही. त्या मला ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मीसुद्धा पहिल्या वेळी दंड बघितला, तोंड बघितलं नाही.

ज्या तीन मुलींची नावं कार्डांवर चढली होती, त्यांच्यापैकी दोघींना बाईंनी त्याच दुपारी घरी जाऊन टोचलं. उरली वासंती. तीन वर्षांची. घरी आजीने सांगितलं, आईबरोबर आजोळी गेली आहे सावंतवाडीला, दहा दिवसांनी येईल. ते खरं होतं. दहा दिवसांनी ती आली, पण ताप आणि खोकला घेऊन आली. बाई रोज एक फेरी मारत होत्या. आजी ओसरीवरूनच परतवत होती, निजली आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी बाई मागील दाराने घुसल्या आणि मी त्यांच्या मागे.

वासंतीला गोठ्याला लागून असलेल्या गवताच्या खोलीत ठेवलं होतं. नातवाला लागू नये म्हणून. अंगभर गोवर उठलेला, डोळे चिकटलेले, उशाशी कडुनिंबाचा पाला. शेजारी आई बसलेली. आजीने दारातून सांगितलं की ही देवी आहे, देवीला औषध चालत नाही. बाईंनी पोरीच्या छातीला कान लावला. श्वास इतका भरभर चालला होता की मला तो दारातून दिसत होता. बाई आईला म्हणाल्या, छातीत उतरलं आहे, हिला आत्ताच्या आत्ता म्हापशाला न्यायला हवं. आईने सासूकडे बघितलं.

वासंतीचा बाप पेडण्याच्या एका कचेरीत नोकरीला होता आणि भाषेच्या आंदोलनात पुढे होता. कुठल्या बाजूने, ते मी सांगणार नाही. असे बाप दोन्ही बाजूंना होते. त्या दिवशी बंद होता. नाक्यावर रस्त्यात आडवं झाड टाकलेलं आणि हा दगडावर उभा राहून मायभाषेवर बोलत होता, आईच्या दुधाबरोबर आलेली भाषा वगैरे. शेपन्नास माणसं ऐकत होती. बाई गर्दीतून थेट पुढे गेल्या.

“वासंतीच्या बापाय,” त्या म्हणाल्या, “तुजें चेडू मरता. गाडी काड.”

तो खाली उतरला, बाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलू लागला. आज आपणच बंद पुकारला आहे, आपलीच गाडी कशी नेणार, लोक काय म्हणतील, उद्या पहाटे नक्की नेतो. अहो, चारच दिवसांपूर्वी धाकट्याच्या नाकात चण्याची डाळ अडकली होती, तेव्हाही बंदच होता, आणि या माणसाने स्वतः चौघांना लावून झाड बाजूला केलं होतं आणि मुलाला स्कूटरवर घेऊन म्हापसा गाठलं होतं. सगळ्या गावाने ते पाहिलं होतं आणि कौतुकही केलं होतं. बाईंनी त्याला त्याची आठवण करून दिली नाही. त्यांनी फक्त विचारलं, “तुजी मायभास फाल्यां उलोवपाक चेडू जितें उरूंक जाय न्हय?” उद्या ती भाषा बोलायला मुलगी जिवंत राहायला नको का, एवढाच प्रश्न. गर्दीतलं कुणीतरी हसलं. मला त्या हसण्याची अजून चीड आहे.

आम्ही परत गेलो. बाईंनी वासंतीला चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतलं, आई मागून निघाली, सासू ओसरीवर बडबडत राहिली. नाक्यावरच्या आडव्या झाडावरून आम्ही तिघी एकमेकींना हात देत पलीकडे गेलो. तिथे उभ्या असलेल्या पुरुषांनी वाट दिली, पण हात कुणी पुढे केला नाही. बापही तिथेच होता. पलीकडे मैलभर चालल्यावर दुधाचा एक टेम्पो भेटला, त्याने आम्हाला आडवाटेने म्हापशाला पोचवलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी शिकस्त केली. त्या म्हणाल्या, तीन दिवस आधी आणली असती तर. दुसऱ्या दिवशी दुपारी वासंती गेली. बाप त्या दिवशी पहाटे आला होता, सांगितल्याप्रमाणे.

समाचाराला लोक येऊ लागले. आम्हीही गेलो. ओसरीवर बाप बसला होता आणि त्याच्या हातात वासंतीचं लसीचं कार्ड होतं. येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवत होता: बघा, सुई वेळेवर दिली होती, तारीख आहे, सही आहे, आमच्याकडून काही कमी केलं नाही, नशिबात नव्हतं. लोक माना डोलावत होते. एक म्हातारा म्हणाला, सुयांचा काही उपयोग नाही, हे आधीपासून म्हणतोय मी. दुसरा म्हणाला, देवाची कृपा, निदान झिलाला, मुलाला, काही झालं नाही. आणि यावर सगळ्यांनी, अगदी बायकांनीसुद्धा, होकार भरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती सही माझी होती, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं बाईंनी. त्या उठून मधोमध उभ्या राहिल्या. “तुमच्या वासंतीक सुई केन्नाच दिवंक ना,” त्या म्हणाल्या. “तिच्या नांवाची सुई दुसऱ्या चेडवाक दिली. चूक म्हजी. हांवें तोंड पळोवंक ना.” मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं की सुई दिली असती तर पोर आज अंगणात खेळत असती, सुईला दोष देऊ नका, उद्या आपापल्या मुलींना घेऊन या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पुढे चौकशी झाली तेव्हाही घेतलं नाही, आणि त्यांची बदली झाली ती पार दुसऱ्या टोकाला, सांग्याला. मी मात्र त्याच उपकेंद्रात मुख्य नर्स झाले. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

ओसरीवर एकदम गलका झाला. बाप उभा राहिला आणि ओरडून विचारू लागला, कोण म्हणतं दिली नाही, कार्ड खोटं बोलतं का, माझ्या बायकोने स्वतः नेलं होतं तिला. सासूही म्हणाली, हीच घेऊन गेली होती, विचारा हिला. सगळे आतल्या दाराकडे बघू लागले. वासंतीची आई तिथे चौकटीला धरून उभी होती. लग्न होऊन ती या घरात आली त्याला सहा वर्षं झाली होती, आणि या ओसरीवर पुरुष बसलेले असताना तिला बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

“मीच खोटां नाव सांगलंय,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, रडका नव्हता. “सुई दिली की ताप येता, ह्यां तुमीच सांगतास. झिलाक ताप इलो तर ह्या घरात सगळे धावतत. चेडवाक इलो तर कोण धावतलो? म्हणान मी तिका आणूक नाय.”

बाई जाऊन तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. ओसरीवर पंधरावीस माणसं होती, घरचे होते, नवरा होता, सासू होती. आम्ही दोघी तिथे बराच वेळ थांबलो. तिच्यासाठी आम्ही धावलो असतो, असं त्यांच्यातलं एकही माणूस म्हणालं नाही.